शेजारची रिकामी इमारत सोसायटीने घ्यायची असेल तर: इसार देण्याआधीची आणि नंतरची सगळी कामं

सोसायटीच्या कुंपणाला लागून एक इमारत वर्षानुवर्षं बंद असते. कधी तो जुना दवाखाना असतो, कधी वारसांच्या वाटणीत अडकलेला बंगला, कधी एखाद्या ट्रस्टची बंद पडलेली शाळा. मालक विकायला तयार होतो आणि सभेत कुणीतरी म्हणतं, "आपणच घेऊ या की. मुलांना अभ्यासिका होईल, ज्येष्ठांना बसायला जागा होईल." इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. वाद पेटतो तो पुढे, आणि बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं: इमारतीचं काय करायचं, एकूण खर्च किती आणि कोण किती भरणार, हे ठरायच्या आत इसार दिलेला असतो. पाच-दहा लाख अडकले की समितीला माघार घेता येत नाही, आणि ज्यांना विचारलंच नव्हतं ते पुढचं पाऊल पडू देत नाहीत.

पुढचा क्रम महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. रहिवासी संघांसाठी जे वेगळं आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

खरेदीदार नक्की कोण?

खरेदीखतावर कोणाचं नाव येणार, हा पहिला प्रश्न. नोंदणी नसलेल्या रहिवासी संघाला स्वतःच्या नावावर मिळकत घेता येत नाही. मग "सध्या अध्यक्षांच्या नावावर घेऊ, नंतर बघू" असा तोडगा निघतो. तो कधीही मान्य करू नका. अध्यक्षांच्या पश्चात ती मिळकत त्यांच्या वारसांची होते आणि संघाकडे वर्गणीच्या पावत्यांपलीकडे काही उरत नाही.

संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल, तर महाराष्ट्रात तो सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदवलेला असतो. अशा संघाने स्थावर मिळकत घेण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची आणि घेतल्यावर ९० दिवसांत बदल अहवाल (मिळकतीतल्या बदलाची माहिती) द्यायचा. पुढे कधी विकायची वेळ आली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली पुन्हा पूर्वपरवानगी लागते. थोडक्यात, आत शिरणं जितकं कठीण तितकंच बाहेर पडणंही. सभासदांना हे आधीच सांगा.

सहकारी संस्था असेल तर मंजूर उपविधींमधली (संस्थेच्या नोंदवलेल्या नियमांमधली) उद्दिष्टं वाचा. शासनाने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींत संस्थेच्या मिळकतीची व्यवस्था पाहणं आणि सामाजिक, सांस्कृतिक, करमणुकीचे उपक्रम चालवणं ही उद्दिष्टं असतात. त्यात दुसरी इमारत विकत घेणं बसतं का, यावर दोन वकील दोन मतं देतील. म्हणून आधी उपविधी दुरुस्ती करून घेणं शहाणपणाचं. सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांनी ती मंजूर करावी लागते आणि निबंधकांनी नोंदवल्यावरच ती लागू होते. यात काही महिने जातात, पण पुढे सहकार न्यायालयात पहिला हल्ला याच मुद्द्यावर होतो.

आणखी एक अट आम्ही घालू: संस्थेच्या स्वतःच्या जमिनीचं अभिहस्तांतरण (बिल्डरकडून संस्थेच्या नावावर होणं) झालं नसेल तर आधी ते, किंवा बिल्डर तयार नसेल तर मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स), पूर्ण करा. आपल्याच पायाखालची जमीन बिल्डरच्या नावावर असताना शेजारची घेण्यात अर्थ नाही. कर्जाच्या वेळी बँकही हेच विचारेल.

ठराव तीन हवेत, एक नको

"शेजारची इमारत खरेदी करण्यास मंजुरी" असा एका ओळीचा ठराव हीच वादाची खरी सुरुवात असते. चौकशी, उपयोग आणि खर्चाची वाटणी, आणि मग खरेदी असे तीन वेगळे ठराव तीन वेगळ्या सभांत घ्या. पहिल्या ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल:

"संस्थेलगतच्या नगर भूमापन क्र. ___ या मिळकतीची चौकशी करण्यासाठी कमाल रु. २,००,००० खर्चास ही सभा मंजुरी देत आहे. यात मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध अहवाल, संरचनात्मक तपासणी, वास्तुविशारदाचा वापराबाबत अभिप्राय आणि मूल्यांकन यांचा समावेश आहे. या ठरावाने समितीस इसार देण्याचा, साठेखत (विक्रीचा करार) करण्याचा अथवा मालकास कोणतेही लेखी आश्वासन देण्याचा अधिकार मिळत नाही. सर्व अहवालांच्या प्रती ६० दिवसांत प्रत्येक सभासदास देण्यात येतील."

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत. त्यामुळे विरोधकही या ठरावाच्या बाजूने हात वर करतात, कारण माहिती मिळवण्याला कुणाचा विरोध नसतो.

सभेची शिस्त पाळा, कारण चांगले निर्णयही तांत्रिक चुकीवर पडतात. आदर्श उपविधींप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण ५ दिवसांची आणि वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची सूचना लागते. गणपूर्ती (कोरम) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एका सदनिकेला एक मत. मुखत्यारपत्र घेऊन आलेल्याला सभेत बसता येत नाही, मग तो परदेशातल्या सभासदाचा सख्खा भाऊ का असेना. विषय सूचनापत्रात स्पष्ट लिहिलेला असावा. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" यात इमारत खरेदी घुसडली तर तो ठराव टिकत नाही. एकदा झालेला ठराव बदलायला किंवा रद्द करायला सहा महिने थांबावं लागतं, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

समितीतल्या कुणाचं मालकाशी किंवा दलालाशी नातं अथवा व्यवहार असेल तर त्याने ते लेखी सांगावं, इतिवृत्तात नोंदवावं आणि त्या विषयावर चर्चेत व मतदानात भाग घेऊ नये. हे नंतर उघड झालं तर बाकी कागद कितीही स्वच्छ असले तरी व्यवहारावर कुणी विश्वास ठेवत नाही.

"रिकामी" म्हणजे खरंच रिकामी का?

दाराला कुलूप आहे एवढ्यावरून इमारत रिकामी ठरत नाही. आतल्या एका खोलीला वेगळं कुलूप दिसलं तर लगेच चौकशी करा. तिथे जुना भाडेकरू असू शकतो आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालचे त्याचे हक्क इमारतीबरोबर तुमच्याकडे येतात. सलग सहा महिने विनाकारण जागा वापरली नाही, हे घर रिकामं करून मागण्याचं एक कारण त्या कायद्यात आहे, पण त्यासाठी दावा चालवावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. भाडेकरूला आधी मालकाने मोकळं करावं आणि तसा नोंदणीकृत दस्त दाखवावा, ही अट पहिल्या बोलण्यातच घाला. शेजाऱ्यांना विचारा, पोस्टमनला विचारा, वीजमीटर कोणाच्या नावावर आहे ते पाहा.

कागदांत मिळकत पत्रिका किंवा सातबारा, सगळे फेरफार, सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची इंडेक्स-२ यादी) चे उतारे, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराची शेवटची पावती, पाणीपट्टी आणि वीजबिल हे सगळं मागवा. मिळकत कराची थकबाकी मिळकतीला चिकटलेली असते, मालकाला नाही. त्यानंतर पुढच्या तीन गोष्टी वकिलाकडून लेखी घ्या.

भोगवटा वर्ग २ ची, म्हणजे शासनाने अटींवर दिलेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही आणि अनर्जित उत्पन्नाची (वाढलेल्या किमतीतल्या शासनाच्या हिश्शाची) रक्कम शासनाला भरावी लागते. ती कोण भरणार, हे भावातच ठरवा.

मालक सार्वजनिक ट्रस्ट असेल तर विक्रीला धर्मादाय आयुक्तांची कलम ३६ खालची पूर्वपरवानगी हवी. ट्रस्टींचा ठराव पुरत नाही. "परवानगी नंतर मिळेल, तोवर इसार द्या" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा.

वारसांची मिळकत असेल तर सगळे वारस सही करणार का? लग्न झालेल्या बहिणींची नावं फेरफारात राहून गेलेली असतात आणि त्या नंतर हक्क मागतात तेव्हा त्यांचंच बरोबर असतं. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर घ्या. वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्या, हरकतींसाठी साधारण १४ दिवस ठेवतात.

याबरोबरच विकास आराखड्यातला अभिप्राय महापालिकेकडून घ्या. बंद शाळेच्या जागेवर शाळेचंच आरक्षण असेल तर तिथे तुमची व्यायामशाळा होणार नाही.

इमारतीची तब्येत

बंद इमारत राहत्या इमारतीपेक्षा लवकर खराब होते. गच्चीवरच्या पन्हळी पाल्याने तुंबतात, पाणी स्लॅबवर साचून राहतं, कठड्यात पिंपळ उगवतो, लाकडाला वाळवी लागते, तांब्याच्या वायरी चोरीला गेलेल्या असतात. पाहणी पावसाळ्यात करा, जमलं तर सलग तीन-चार दिवस पाऊस पडून गेल्यावर. उन्हाळ्यात रंग मारून दाखवलेली गच्ची जुलैमध्ये काय आहे ते सांगते. पिंपळाचं रोप नुसतं ओढून काढू नका. मूळ भिंतीत राहतं आणि ओढताना विटा सुटतात.

बांधून तीस वर्षं झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. मालकाकडे तो अहवाल असेल तर मागा, पण आपला अभियंता वेगळा नेमा. मुंबईत अहवालातल्या श्रेणी सर्वांना ठाऊक आहेत: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. इतर शहरांतही अभियंते हीच भाषा वापरतात. नुसत्या डोळ्यांनी पाहून दिलेला अहवाल मात्र घेऊ नका.

आरसीसी इमारतीत निदान या चाचण्या हव्यात. ध्वनिलहरींच्या चाचणीत वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या खाली आला की ते काँक्रीट संशयास्पद. सळीच्या गंजाची चाचणी उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेली तर आत गंज चालू असण्याची दाट शक्यता. काँक्रीटचे गाभे (यंत्राने कापून काढलेले गोल नमुने) निदान तीन काढावेत. त्यांची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही गाभा ७५ टक्क्यांच्या खाली नको.

एक चाचणी सभासदांनी स्वतः उभं राहून पाहावी अशी आहे. अभियंता स्लॅबच्या किंवा खांबाच्या कडेचं प्लास्टर काढून काँक्रीटचा ताजा तुकडा फोडतो आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतो. काँक्रीट अजून सळीचं रक्षण करत असेल तर ती जागा गडद गुलाबी होते. रंग आलाच नाही तर तिथलं काँक्रीट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निस्तेज झालेलं असतं. हा बेरंग पट्टा सळीपर्यंत पोहोचला असेल, म्हणजे स्लॅबमध्ये पृष्ठभागापासून साधारण २० मिलिमीटर आत, तर सळीचं कवच गेलं. मग वरून कितीही प्लास्टर केलं तरी दोन पावसाळ्यांत फुगून पडणार. पाच मिनिटांची ही चाचणी पाहिलेला सभासद सभेत अंदाजाने बोलत नाही.

काय करणार, यावर स्लॅब ठरतो

हा मुद्दा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सुटतो. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात. आसनं पक्की बसवलेली नाहीत अशा सभागृहाला ५०० किलो धरावा लागतो. वीस बाय तीस फुटांच्या दिवाणखान्याचं, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटरचं गणित करा: बंगला बांधताना त्या स्लॅबसाठी ११ टनांचा हिशेब होता, सभागृह केलंत तर २८ टनांचा हवा. पहिल्या मजल्यावर हळदीकुंकवाला शंभर बायका जमल्या तर तो स्लॅब त्यासाठी बनलेला नाही. पुस्तकांची गच्च कपाटंही सभागृहाइतकी किंवा त्याहून जड पडतात.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: तळमजल्यावर ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र आणि पुस्तकांची खोली, वरच्या मजल्यावर टेबल-खुर्च्यांची अभ्यासिका. लग्न-मुंजीचं सभागृह करू नका. गाड्या लावायला जागा लागते, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, शेजारी पहिल्याच हंगामात तक्रार करतात आणि बाहेरच्यांकडून घेतलेलं भाडं करपात्र उत्पन्न ठरतं. सभासदांनी सभासदांसाठी चालवलेल्या सोयीला जी करसवलत मिळते ती तिथे लागू होत नाही.

वापर बदलायचा तर महापालिकेची परवानगी घ्या. राहत्या बंगल्यात व्यायामशाळा सुरू करणं हाही वापरातला बदलच, आणि परवानगीशिवाय केला तर एमआरटीपी (प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस येते. रस्त्याच्या रुंदीवर कोणते वापर चालतात हे ठरतं, म्हणून वास्तुविशारदाचा अभिप्राय उपयोगाच्या ठरावाआधी हातात हवा. दाराशी उतार करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. दोन फुटांचं जोतं असेल तर २४ फुटांची जागा लागते, ती आहे का ते मोजून पाहा. अग्निशमन यंत्रणा बसवावी लागली तर तिच्या देखभालीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तो खर्च कायमचा आहे.

पैसे: इथेच सोसायट्या फुटतात

एक काल्पनिक हिशेब घ्या. ४८ सदनिका, इमारतीचा भाव १ कोटी २० लाख. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत साधारण ६ ते ७ टक्के. ७ धरलं तर ८ लाख ४० हजार. ते ठरलेल्या भावावर किंवा शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्याच्या (रेडी रेकनर) मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी कमाल ३० हजार. दुरुस्ती आणि बदल ४० लाख. बेरीज १ कोटी ६८ लाख ७० हजार. ४८ जणांत वाटलं तर प्रत्येकी ३ लाख ५१ हजार. पंधरा जणांनी भरायला नकार दिला तर उरलेल्या ३३ जणांवर प्रत्येकी ५ लाख ११ हजार. सभेत पहिला आकडा सांगितला जातो आणि भांडण दुसऱ्या आकड्यावर होतं. दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा, आणि त्याखाली दरवर्षीचा खर्चही: कर, वीज, सफाई, राखणदार, विमा.

सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो आपल्या इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या संरचनात्मक कामासाठी, बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के दराने जमवलेला असतो. शेजारची इमारत घ्यायला तो वापरणं म्हणजे उपविधींचा भंग, आणि लेखापरीक्षक ते अहवालात लिहिणारच. नव्या सभासदाकडून सदनिका हस्तांतराच्या वेळी "इमारत निधी" म्हणून देणगी घेणंही चालत नाही; हस्तांतर अधिमूल्याची (ट्रान्सफर प्रीमियमची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि त्यावर कोणत्याही नावाने रक्कम घेता येत नाही.

विरोध करणाऱ्यांवर सक्ती करता येईल का? देखभाल शुल्क थकलं तर वसुलीची कायदेशीर वाट आहे. पण उपविधींत नसलेल्या कारणासाठी बहुमताने लादलेली काही लाखांची वर्गणी वसूल करायला गेलात तर संस्थेची बाजू कमजोर पडते. त्यापेक्षा रक्कम सभासदांकडून ऐच्छिक ठेव म्हणून घ्या, पावती द्या, परतफेडीची मुदत लिहा, आणि पुरेशी ठेव जमली तरच तिसरा ठराव मांडायचा असं दुसऱ्या ठरावातच घाला. उदाहरणार्थ, एकूण खर्चाच्या ८० टक्के रकमेची लेखी हमी ९० दिवसांत आली नाही तर विषय आपोआप बंद. पेन्शनवर जगणाऱ्या सभासदाला ३ लाख एकदम जमत नाहीत. त्याच्यासाठी ३६ हप्ते ठेवा. न भरणाऱ्याला केंद्रात येऊ देणार की नाही, हेही आधीच लिहा. आमच्या मते वापर सर्वांना खुला असावा; शेजाऱ्याच्या नातवाला अभ्यासिकेच्या दारातून परत पाठवणारी सोसायटी फार काळ एकत्र राहत नाही.

हप्ते मासिक देखभालीच्या बिलात मिसळू नका. प्रत्येक सभासदामागे देखभालीला दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, ती मर्यादा ओलांडली तर प्रश्न उभा राहू शकतो. वेगळं खातं, वेगळं बिल, आणि सनदी लेखापालाचं लेखी मत.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. पुष्कळदा विरोधामागचं खरं कारण पुनर्विकास असतं: "आज अभ्यासिका म्हणतात, उद्या दोन्ही भूखंड एकत्र करून बिल्डरला देतील." ही शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकू नये. पुनर्विकासाचा निर्णय महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांप्रमाणे स्वतंत्र प्रक्रियेनेच होतो. खरेदीच्या ठरावात तसं वाक्य घाला आणि भूखंड एकत्रीकरणाचा अर्ज सर्वसाधारण सभेच्या वेगळ्या मंजुरीशिवाय करणार नाही, असंही लिहा.

वाद झालाच तर

विरोध असलेल्या सभासदाने सभेआधी लेखी मुद्दे द्यावेत आणि सभेत आपला विरोध नावासह इतिवृत्तात नोंदवायला सांगावं. इतिवृत्ताचा मसुदा आला की १५ दिवसांत हरकत कळवावी; ही मुदत चुकली की "तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत" हे उत्तर मिळतं. समिती सभाच बोलवत नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभेची मागणी करावी. ती महिन्याच्या आत बोलवावी लागते. नाही बोलवली तर उपनिबंधकांकडे जा. मात्र सह्या करणाऱ्यांनी सभेला यायलाच हवं, कारण मागणीवरून बोलावलेली सभा अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर विसर्जित होते.

ठराव बेकायदा आहे असं म्हणणं असेल तर त्याच सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. तिथे अंतरिम स्थगिती मागायची ती खरेदीखताची नोंदणी होण्याआधी. नोंदणी झाली, पैसे दिले, की स्थगितीला फारसा अर्थ उरत नाही आणि मग नुकसानभरपाईचं भांडण राहतं. प्रत्येक तक्रारीची जागा वेगळी: ट्रस्टच्या विक्रीबद्दल धर्मादाय आयुक्त, बांधकाम व वापराबद्दल महापालिका, मालकी हक्काबद्दल दिवाणी न्यायालय. सगळ्या तक्रारी उपनिबंधकांच्या एकाच अर्जात भरल्या की त्या परत येतात.

समितीनेही विरोधकांना अहवालांच्या प्रती द्याव्यात, हवा असेल तर त्यांच्या पसंतीच्या अभियंत्याला इमारत दाखवावी. दुसऱ्या अभियंत्याची फी न्यायालयातल्या एका तारखेपेक्षा जास्त नसते.

खरेदीखत आणि ताबा

इसाराची रक्कम लहान ठेवा, चेकने द्या, आणि इसारपावतीत लिहा: शोध अहवालात दोष निघाला, परवानगी मिळाली नाही किंवा सभेने अंतिम मंजुरी नाकारली तर अमुक दिवसांत पूर्ण परतावा. भाव ५० लाख किंवा जास्त असेल तर मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. वरच्या उदाहरणात तो १ लाख २० हजार. मालक अनिवासी भारतीय असेल तर दर आणि पद्धत वेगळी, ते सनदी लेखापालाकडून आधी समजून घ्या. वारस चार असतील तर चौघांचे हिस्से, चौघांचे पॅन आणि चार चेक.

खरेदीखतावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी, पण त्याच दिवशी करून टाका. ताबा घेताना सगळ्या खोल्या उघडून पाहा, छायाचित्रं काढा, किल्ल्या मोजून यादीवर सही घ्या, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहा. त्याच संध्याकाळी कुलपं बदला आणि विमा सुरू करा. त्या आठवड्यात मिळकत पत्रिकेवर, मिळकत करावर, वीज आणि पाण्याच्या जोडणीवर संस्थेचं नाव लावण्याचे अर्ज द्या आणि पोचपावत्या एका फायलीत ठेवा. गच्चीवरच्या पन्हळी मात्र पहिल्याच दिवशी साफ करून घ्या, दुरुस्तीचं कंत्राट निघायची वाट पाहू नका.